उशीचं पेटंट आणि गोठ्यावरचा फ्लेक्स

पुण्याच्या एका कंपनीची नोटीस आली: तुमची बाळाला बसवायची उशी आमच्या पेटंटची नक्कल आहे, विक्री थांबवा. मी तर उडालेच! अहो, ही घोड्याच्या नालेच्या आकाराची उशी मी माझ्या नातवासाठी शिवली होती, बसवलं की धपकन कलंडायचा म्हणून. मग आमच्या काष्टी गावातल्या बायका मागायला लागल्या, पुढे मोबाईलवर ऑर्डरी आल्या. आता उशी बंद म्हणजे माझ्यासकट चौघींचं काम बंद.

नगरच्या वकीलबाई म्हणाल्या, "त्यांच्या आधी तुमची उशी लोकांनी पाहिली होती, याचा पुरावा आणा. घरच्यांची साक्ष नको, जाहीर काहीतरी हवं."

आमच्या घरात जाहीर करणारा माणूस एकच, माझे धाकटे दीर. म्हैस व्याली तरी फ्लेक्स लावतील! नातवाच्या उष्टावणाला त्यांनी चौकात हा भलामोठा फ्लेक्स लावला होता: मध्ये उशीत बसलेलं पोर, भोवती गॉगल लावलेली सगळी भावकी. "पोराला दृष्ट लागली म्हंजी?" म्हणून मी त्यांना आधीच नाही नाही ते बोलले होते. रागाने माझा फोटोही दिला नव्हता.

आता त्यांच्याच दारात गेले. "त्यो हाय की वैनी, गोठ्यावर," म्हणाले. पत्र्याला भोकं पडलेली, तिथे अंथरला होता. आमच्याकडे फ्लेक्स कधी वाया जात नाही. दिरांनी शिडी लावली, वरचे दगड काढले. मी खाली शिडी धरून, उंदरांनी कुरतडला असला तर? दोन चुलत्यांची तोंडं गेलीच होती. पण पोर शाबूत, उशी शाबूत, खाली उष्टावणाची तारीखही शाबूत!

वकीलबाईंच्या टेबलावर मावेना म्हणून फरशीवर पसरला. तारीख कंपनीच्या पेटंटच्या अर्जाआधीची, बाई खूश. "यात तुम्ही कुठे आहात?"

"मी न्हाई त्यात."

त्या खाली वाकल्या. "मग हा हात कुणाचा?"

उशीमागून एक हात पोराला धरून होता. हिरव्या बांगड्या, आणि बोटात शिवणाचं अंगुस्तान, काढायचं राहिलेलं. फोटो काढताना पोर कलंडू नये म्हणून मीच धरलं होतं, पार विसरले होते. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

कंपनीने नोटीस मागे घेतली. दीर लगेच हजर: "वैनी, फ्लेक्स लावायचा. फोटू द्या."

या वेळी मुकाट्याने दिला. वर म्हटलं, "गॉगल नगं. पर मोठा लावा."