माझे कान चांगले आहेत

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, माझ्या कानांत सतत शिट्टी वाजते, म्हणून मी बेस गिटार विकून टाकली. सगळ्यांनाच तसं वाटतं. लग्नात डीजे सुरू झाला की कोणीतरी येऊन माझी खुर्ची उचलतं — ‘पराग, तू तिकडं बस, तुला त्रास होईल.’ मी मान डोलावतो. आणि तिकडं जाऊन बसतो.

माझ्या कानांना काहीही झालेलं नाही. आत्ता खालच्या घरात कुकर लावलाय, शिट्टीच्या आधीची त्याची फुरफुर मला इथं वर ऐकू येतेय.

मग वाजवणं का सोडलं? सांगतो. पण एकदम नाही जमणार. तुम्हाला थोडं थांबावं लागेल.

आम्ही तिघं होतो. मिलिंद उस्मानपुऱ्याचा, गाणी तोच लिहायचा, तोच गायचा, गिटारही त्याचीच. फैसल ड्रम्सवर. शहागंजात त्याच्या चाचांचं गाद्यांचं दुकान होतं, त्याच्या माडीवर आमची रिहर्सल चालायची. चारही भिंतींना कापसाच्या गाद्या उभ्या केलेल्या, त्यामुळं आवाज बाहेर जायचा नाही, आणि उन्हाळ्यात आम्ही आत अक्षरशः शिजायचो. आणि तिसरा मी. बेस. बेसवाला कोणाच्या लक्षात राहत नाही, आणि मला ते बरं वाटायचं. मिलिंद म्हणायचा, ‘हा बोलत नाय, पण कधी खोटं बी बोलत नाय.’ लोकांना गप्प माणसाचं कौतुक असतं. गप्प माणूस आत काय करत असतो, हे कोण बघतं?

मिलिंदची गाणी आपल्या बोलीतली होती. इलेक्ट्रिक गिटारच्या करकरीत आवाजावर ‘लई’ आणि ‘व्हय’ ऐकून कॉलेजातली पोरं आधी हसायची, मग उभी राहायची. त्याच्या वडलांच्या घरात आंबेडकरी जलशाची गाणी होती, तो आवाज त्याच्या गळ्यात आपोआप आला होता. माझ्या घरात असलं काही नव्हतं. आजोबांपर्यंत भिक्षुकी, वडील बँकेत, मी सॉफ्टवेअरमध्ये. मला बेस शिकवला तो खरं तर मिलिंदनंच.

त्याचं गाव पिशोर. हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी तेव्हा म्हणायला हवं होतं — अरे, माझं आजोळ पिशोर! साधं वाक्य होतं. का म्हणालो नाही? तेव्हा कारण नव्हतं, नुसता आळस होता. नंतर कारण सापडलं.

एका दुपारी त्यानं नवीन गाणं आणलं. त्याच्या आजीचं, गयाबाईंचं. त्या दहा-अकरा वर्षांच्या असताना घरी धाकटा भाऊ तापानं फणफणलेला, आई शेतावर. त्या घागर घेऊन गावातल्या पांढऱ्या ओट्याच्या घरामागच्या विहिरीवर गेल्या. त्यांनी विहिरीला हात लावायचा नाही, घरातलं कोणी येऊन वरून पाणी ओतेल तेव्हा घ्यायचं — असा रिवाज. सकाळपासून उन्हात उभ्या राहिल्या. कोणी आलं नाही. शेवटी त्यांनी स्वतःच दोर सोडला. घरातली म्हातारी धोंडा घेऊन धावत आली आणि तिनं ती पितळी घागर चेपून टाकली. गयाबाईंच्या घरात घागर एकच होती. पुढं कित्येक वर्षं तीच वापरली. ‘अर्धीच भरते घागर माझी, अर्धी चेपली कोणी’ — मिलिंदनं हे म्हटलं आणि फैसल ड्रम्सवरून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

तो पांढरा ओटा माझ्या आजोळच्या घराचा होता. आणि ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती.

मी ती लहानपणापासून ऐकत आलो होतो — दुसऱ्या बाजूनं. माझे मामा ती सांगायचे. सुट्टीत सगळी भावंडं जमली की फर्माईश व्हायची, ‘मामा, ती विहिरीची गोष्ट!’ मग मामा उठून पदर खोचल्याची नक्कल करायचे, हातात उशी घ्यायचे, आणि ‘आजी धोंडा घेऊन अशी पळाली’ म्हणत खोलीभर धावायचे. मग सगळा स्वयंपाक टाकून दिला, हंडे पालथे केले, विहिरीत गोमूत्र शिंपडलं, आणि ‘आम्ही पोरं उपाशी! चिवड्यावर दुपार काढली!’ आई हसून हसून डोळे पुसायची. आणि मी? मीही हसायचो. मोठा झाल्यावरसुद्धा.

त्या गोष्टीत एक मुलगी होती, हे मला कधी दिसलंच नव्हतं. धोंडा होता, चिवडा होता.

त्या दुपारी माडीवर मिलिंदचं गाणं संपलं. मी नुसतं विचारलं, ‘स्केल कुठली?’

त्याच सुमारास आम्हाला मोठा कार्यक्रम मिळाला. सिडकोकडचं मैदान, खरा साउंड, खरे लाइट. तो मिळवून दिला होता माझ्या मामांनीच, ते संयोजक मंडळाच्या समितीवर होते. मामा आणि आई पहिल्या रांगेत बसणार होते. आणि मिलिंदनं ठरवलं — शेवटचं गाणं घागरीचं. आजीला पिशोरहून आणायचं, तिनं ते अजून ऐकलेलं नाही, तिथंच ऐकवायचं.

फैसल घाबरला. त्यानं ते लपवलंही नाही. ‘देख मियाँ, पहला बड़ा शो है. ये गाना अभी नक्को. लोगां भड़क गए तो?’ मिलिंद चिडला, दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी फैसल म्हणाला, ‘ठीक है. तू बोला तो बजाता मैं.’ आणि बसला वाजवायला. मी दोघांच्या मध्ये उभा राहून तारा जुळवत होतो. माझं मत कोणी विचारलं नाही. माझं मत कोणी विचारायचंच नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मी संयोजकांना फोन केला.

काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो. ‘सर, शेवटचं गाणं जरा जातीचं आहे. वाद होऊ शकतो. तुम्ही बघून घ्या. माझं नाव मात्र सांगू नका.’ ते म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत. तुम्ही समजूतदार आहात.’

जातीचं गाणं! एक पोरगी तहानलेल्या भावासाठी पाणी काढते, आणि मी त्याला वाद म्हणालो. बँडसाठी करतोय, कार्यक्रम वाचवतोय, असं त्या जिन्यात मी स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की मामा आणि आई तिथं बसून ते ऐकताहेत, हे मला बघायचं नव्हतं. धोंडा घेऊन धावलेली ती म्हातारी आपली आहे, हे कोणाला कळू नये. आणि मिलिंदला तर नाहीच.

संध्याकाळी मैदान भरलं. मिलिंदची आजी तिसऱ्या रांगेत, पांढरं लुगडं, मांडीवर पिशवी. सुरुवातीच्या आधी मिलिंदनं आमची ओळख करून दिली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. ‘ह्यो कोन रं? लई गप ऱ्हातो.’ मग माझ्याकडं बघून — ‘चांगल्या घरचा दिसतो. कुठलं गाव तुझं, लेकरा?’

‘इथलाच, आजी. शहरातला.’

आम्ही चांगलं वाजवलं. ते खोटं नाही. मग मिलिंद माइकसमोर आला, म्हणाला, ‘पुढचं गाणं माझ्या आजीचं आहे. ती इथंच बसलीय,’ आणि त्यानं हात दाखवला. लोकांनी माना वळवल्या. आजी लाजून पदर सारखा करायला लागल्या. त्यानं पहिली ओळ उचलली — आणि माइक गेला. गिटारही गेली. निवेदक दुसरा माइक घेऊन हसत हसत आला, ‘वेळेअभावी आपण इथं थांबतोय, कलाकारांसाठी जोरदार टाळ्या!’

मिलिंद तसाच गात राहिला. पुढच्या दोन रांगांनाही ऐकू गेलं नसेल. मागं फैसल वाजवत होता — जो घाबरला होता तो! एका कार्यकर्त्यानं त्याच्या हातातली काठी धरेपर्यंत तो वाजवत होता. माझ्या बेसचा अ‍ॅम्प्लिफायर माझ्या पायाशी, स्टेजवरच होता, तो चालू होता. मला वाजवता आलं असतं. मी तारांवरून हात काढून घेतला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, गाणं झालं.

दुसऱ्या दिवशी माडीवर मिलिंद आला तो ठरवूनच. संयोजकांनी त्याला सांगितलं होतं, ‘तुमच्याच माणसानं कळवलं.’ आमच्यात माणसं होती किती? फैसलनं अम्मीची कसम घेतली. ‘मग वाजवत का होतास?’ ‘बजाना था इसलिए!’ मिलिंद म्हणाला, नाटक. मग तो माझ्याकडं वळला. ‘पराग, तू सांग. तू खोटं बोलत नायस.’

इथं मी खरं सांगू शकलो असतो. किंवा सरळ खोटं बोललो असतो, तेही एक वेळ चाललं असतं. मी काय केलं? मी म्हणालो, ‘मला काही माहीत नाही. पण फैसलला भीती वाटत होती, हे खरं आहे.’

फैसलबद्दलचं ते वाक्य खरं होतं. एवढं वाईट वाक्य मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

फैसल माझ्याकडं बघत राहिला. मला वाटतं, त्याला तेव्हाच कळलं. पण तो एवढंच म्हणाला, ‘हौ. डर तो लगा था मेरेकू.’ आणि जिना उतरून खाली दुकानात गेला. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. मिलिंदच्या लग्नाला फैसल नव्हता. फैसलला मुलगी झाली, ती मिलिंदनं पाहिलेली नाही. शहागंज ते उस्मानपुरा — रिक्षानं जाल तर चहा गार व्हायच्या आत पोचाल.

काही महिन्यांनी मिलिंदचा फोन आला. ‘आपण दोघंच करू. विश्वासाचा तू एकटाच उरलास.’ त्याच्या शेजारी उभं राहून मी कसं वाजवणार होतो? आणि कारण तरी काय सांगणार होतो? तोंडातून निघालं, ‘माझे कान गेलेत रे. सतत शिट्टी वाजते.’ मला वाटलं, सुटलो. पण तो मिलिंद. रजा टाकून स्वतः मला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथं एका बंद काचेच्या खोलीत बसवतात. हेडफोन लावतात, हातात बटण देतात. आवाज आला की दाबायचं. अगदी बारीक आवाज यायचे, दूर कुठंतरी सुई पडल्यासारखे. मला सगळे आले. काचेपलीकडं मिलिंद उभा होता, माझ्या बोटाकडं बघत. आवाज यायचा, आणि मी बटण दाबायचो नाही. पुन्हा यायचा. पुन्हा नाही. त्याचा चेहरा उतरत गेला. बाहेर आलो तर त्याचे डोळे भरलेले. माझा दंड धरून त्यानं मला रस्ता ओलांडून नेलं, जणू मी आंधळाही झालोय.

असं मी संगीत सोडलं. नंतर मिलिंदनंही सोडलं. तो आता पिशोरजवळच्या कन्नडला, शाळेत शिकवतो.

यंदाच्या हिवाळ्यात त्याची आजी गेली. पुण्यानुमोदनाला मी पिशोरला गेलो. माझ्या आजोळच्या घरावरूनच वाट होती. ते विकून बरीच वर्षं झाली, आता तिथं खताचं दुकान आहे. मंडपात बुद्धवंदना झाली, दोघं-चौघं बोलले. मग मिलिंद उठला. हातात काही नव्हतं. त्यानं ते गाणं म्हटलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. ज्यांच्यासाठी होतं त्या फोटोत होत्या. गयाबाईंनी ते कधीच ऐकलं नाही.

दुसऱ्या कडव्यात त्याची नजर माझ्यावर पडली. मी मागं बसलो होतो. तो गात गात माणसांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आला, आणि माझ्यासमोर उभं राहून त्यानं आवाज चढवला. मला ऐकू यावं म्हणून.

नंतर तो माझ्या शेजारी बसला. माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून, मोठ्यानं विचारलं, ‘आलं का ऐकू?’

मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. एका ठिकाणी त्यानं श्वास तोडला होता, तोसुद्धा.

‘थोडं थोडं,’ मी म्हणालो.

तेव्हा हे सगळं जुनं आहे, असं समजू नका. हे मी यंदा बोललो. फैसलचं दुकान परतीच्या वाटेवरच होतं, उघडंही होतं. मी पुढं निघून आलो.