साहेबांचा लपवलेला गेम

त्या सोमवारी ऑफिसला पोचले तर मंदाची खुर्ची रिकामी! तारापूरच्या एमआयडीसीतली आमची छोटी कंपनी, नव्वदच्या दशकातली मधली वर्षं... अख्ख्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर. त्याच्या खोलीला एसी, पडदे आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम. आम्ही माणसं मात्र पंख्याखाली.

मंदा आणि मी त्यावर आळीपाळीने बसायचो. मंदा माहीमची, मुंबईच्या नव्हे, आमच्या इकडच्या किनाऱ्यावरच्या; मच्छीमारांच्या घरातली. आईने सुकी मासळी विकून तिला बोईसरच्या कॉम्प्युटर क्लासला घातलं होतं. घरातली ऑफिसात जाणारी पहिलीच मुलगी ती.

शनिवारी माझी सुट्टी होती. त्याच दिवशी कॉम्प्युटरमध्ये व्हायरस निघाला, डिस्पॅचच्या फाइली उघडेनात. मंदा प्रॅक्टिससाठी क्लासची फ्लॉपी आणायची, म्हणून तिनेच गेम घातले असणार, असं आमच्या साहेबांनी ठरवून टाकलं. चौकशी नाही, काही नाही... संध्याकाळी तिला कायमचं घरी पाठवलं. वर ‘तुझ्या डब्याला मासळीचा वास येतो’ हेही ऐकवलं. त्याचा आणि व्हायरसचा काय संबंध, देव जाणे.

मुंबईहून इंजिनिअर आला, साफसफाई करून गेला. असे व्हायरस गेमच्या फ्लॉपीतूनच येतात, असं त्यानेही सांगितलं. मग जुन्या फाइली काढून जागा मोकळी करायचं काम माझ्याकडे आलं. पण बेरीज काही जमेना... स्क्रीनवर दिसणाऱ्या फाइली मोजक्या आणि डिस्क जवळजवळ भरलेली!

मी कॉम्प्युटर शिकले त्या क्लासमध्ये सरांनी शिकवलेलं आठवलं. फाइल लपवता येते, ती साध्या यादीत दिसत नाही. पण यादी मागवायच्या कमांडला एक जादा अक्षर जोडलं की लपवलेलंही समोर येतं. जोडलं... आणि एक अख्खा फोल्डर उगवला. आत गेम.

चालू करून बघितला. सगळ्यात जास्त स्कोअर करणाऱ्यांची नावं आली... वरपासून खालपर्यंत एकच नाव. आमच्या साहेबांचं! आणि फोल्डरची तारीख मंदा नोकरीला लागायच्या कितीतरी आधीची.

थेट साहेबांच्याही वरच्या मॅनेजरना बोलावून दाखवलं. वाटलं, आता मंदा परत येणार. मॅनेजरनी शांतपणे बघितलं आणि एवढंच विचारलं, “साहेबांच्या खाजगी फाइली तुम्ही कशाला उघडल्या?”

दुसऱ्या दिवशी गेम गायब, साहेब आपल्या जागेवर आणि मी गोडाऊनमध्ये ड्रमवर लेबलं चिकटवायला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

रविवारी माहीमला गेले. मंदा अंगणात बोंबील वाळत घालत होती. सगळं ऐकून घेतलं, रडलीबिडली नाही. म्हणाली, “ताई, माझ्या आयला ह्या सांग. ती अजून बोलते, मीच कायतरी बिघडवलं.”

तिच्या आईला मला जमेल तसं सांगितलं... साहेबांनी मशीनमध्ये खेळ लपवून ठेवला होता, मंदाने काही केलेलं नाही. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, “मंग कामावर परत घेतील?”

“नाही.”

“मंग ह्या सांगून काय उपेग?”

मंदाच बोलली, “उपेग हाय, आय. आता तू तरी मना खोटी नको बोलू.”

आई तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, “चुकला माझा, पोरी.”

तो शब्द खरं तर साहेबांनी उच्चारायला हवा होता... ते मात्र हार-तुरे, शाल-श्रीफळ घेऊन रिटायर झाले. वय झालं की राग निवळतो म्हणतात. माझा नाही निवळला, आणि तो निवळावा असं मला वाटतही नाही.