न कापलेला कॅट

कडाव गावात पत्ते पिसून झाले की शेजारच्याने कॅट कापायचा, म्हणजे पिसणाऱ्याने पानं लावली असली तरी मोडतात, ही रीत. पिसणारा सख्खा भाऊ असला तरी कापायचा. अपवाद एकच, भिवाजी. खोपोलीच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं नोकरी केली, तिथल्या जेवणाच्या सुट्टीतही त्याचा कॅट कधी कुणी कापला नाही. शेजारचा नुसतं बोट टेकवायचा आणि म्हणायचा, "वाट." भिवाजीने आयुष्यात दुसरं फारसं काही कमावलं नाही, पण एवढं कमावलं, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

त्याची मुलगी हर्षला मेंढीकोट शिकली ती त्याच्याच मांडीला मांडी लावून. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, ज्या बाजूने जास्त पकडल्या ती जिंकली, इतका सोपा खेळ. सात वर्षांची पोर ओळीने तीन डाव हरायची, भोकाड पसरायची, आणि तिच्या आठवणीत तरी पुढच्या डावाला हातात हमखास दोन मेंढ्या यायच्या. मोठी झाल्यावर तिला कळलं, निदान कळल्यासारखं वाटलं, की बाबा आपल्यासाठी पत्ते लावत होते. याबद्दल ती कधी बोलली नाही. मनात मात्र जपून ठेवलं.

पुढे ती ठाण्याच्या एका कंपनीत मोबाइलवरचे खेळ बनवायला लागली आणि मेंढीकोट तिच्याच वाट्याला आला. सुरुवातीला तिने पिसणं अगदी चोख ठेवलं. कुठलंही पान कुणालाही, वशिला नाही. तर लोकांनी शिव्या घातल्या. 'ॲप चोर आहे, पाच डाव झाले, एक मेंढी नाही.' खऱ्या नशिबात असे पाच डाव येतातच, पण हे सांगणार कुणाला? साहेब म्हणाले, "नशीब ठेव, पण माणूस कंटाळून पळणार नाही इतपतच ठेव." हर्षलाने पुष्कळ डोकं खाजवलं आणि शेवटी तिला बाबांचा हात आठवला. तिने नियम घातला, सलग तीन डाव हरणाऱ्याला चौथ्या डावाला दोन मेंढ्या. शिव्या बंद झाल्या. पिसणं चोख होतं तेव्हा चोर ठरलेला खेळ, पत्ते लावल्यावर लोकांना प्रामाणिक वाटायला लागला. काय बोलावं या माणसांना!

भिवाजीने मुलीचा खेळ गावभर दाखवला. दिवसभर ओटीवर मोबाइल घेऊन बसायचा. पण डावातलं कुठलं पान कुणी कधी टाकलं हे ज्याला शेवटपर्यंत आठवतं, त्याच्यापासून काय लपणार? गणपतीला हर्षला घरी आली तेव्हा त्याने तिला समोर बसवलं आणि मुद्दाम तीन डाव हरून दाखवले. चौथ्याला दोन मेंढ्या.

"आठ येळा करून बघितलं," तो म्हणाला. "कुणी घातलं गं हे?"

"मीच." तिला हसू फुटलं. हे कधीतरी सांगायचंच होतं. "तुमच्याकडूनच शिकले, बाबा. मी रडले की तुम्ही मला लावून द्यायचात ना, तसंच."

भिवाजीने मोबाइल खाली ठेवला.

"मी कुणाला पान लावलं नाय, हर्षे. तुला बी नाय. तुला आली ती तुजी आली." मग थांबून म्हणाला, "म्हंजे इतकी वर्सं तू माज्याकडं असं बघत व्हतीस?"

हर्षलाला एकदम आठवलं, की रडूनही हातात काहीच न आलेले डावसुद्धा होते. तेच नेमके ती विसरली होती, शिव्या देणाऱ्या त्या लोकांसारखीच. तिने सांगायचा प्रयत्न केला, की तिला त्यात लबाडी दिसलीच नव्हती, माया दिसली होती. भिवाजीने नुसतं ऐकून घेतलं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुपारी जेवणं झाल्यावर दरवर्षीसारखा डाव बसला. भिवाजी, हर्षला, तिची आई ललिता आणि शेजारचा गजाकाका. पहिला डाव भिवाजी हरला. हरलेल्याने वाटायचं, म्हणून त्याने कॅट पिसला. गजाकाकाने सवयीने बोट पुढे केलं, पण भिवाजीने कॅट त्याच्यापुढून उचलला आणि हर्षलापुढे ठेवला.

"काप," तो म्हणाला.

"बाबा, असं काय करता?"

"काप गं. मंग वाटतो."

गजाकाकाचं बोट तसंच राहिलं. आईने काही न कळून दोघांकडे पाहिलं. भिवाजी वाट बघत बसून राहिला, आणि शेवटी हर्षलाने कॅट कापला.