चहा पिताना सुचलं म्हणे

अण्णांनी मला फसवलं. पैशात नव्हे, पैशात मला फसवणारा लातुरात अजून जन्मायचाय. त्यांनी माझी अक्कल उचलली आणि स्वतःच्या नावावर खपवली.

तरी माणूस लाखात एक. रेल्वेने पाणी येत होतं त्या दुष्काळात ते आंघोळीचं सांडपाणी कॅनमध्ये भरून स्कूटरवरून आणायचे, आमच्या ऑफिसच्या संडासासाठी. वर म्हणायचे, "साबण माझ्याकडून फुकट, भाऊ."

आमच्या छोट्या कंपनीत गिऱ्हाईक मी आणायचो, सॉफ्टवेअर ते बघायचे. पावत्या छापणारा मूळ प्रोग्रॅम बाहेरचा. त्याला आमच्या दुरुस्त्यांची छोटी फाइल, म्हणजे पॅच. दोन्ही जोडून मशीन गिऱ्हाइकाचं पॅकेज बांधायचं.

उदगीर नवा जिल्हा होणार अशी आवई उठली, तेव्हा तिथल्या एका टँकरवाल्याने घाईघाईत पावत्यांवर नवा जिल्हा टाकून घेतला. आवई विरली. अण्णांनी पॅच बदलून पॅकेज पुन्हा पाठवलं, तरी पावतीवर तोच नसलेला जिल्हा! भरलेला टँकर तपासणीत अडकला आणि तिकडे गाव घागरी घेऊन उभं. टँकरवाल्याने फोनवर माझा उद्धार केला. मी सगळा राग अण्णांवर काढला.

ते शांत. "पॅच बदललाय, भाऊ. पण आवृत्तीचा नंबर तोच हाय ना. मशीन नुसता नंबर बघतंय अन् जुनंच पॅकेज काढून देतंय."

"नंबरवर इमान? मोंढ्यात हमाली करून वर आलोय मी. पोत्यावरची चिठ्ठी कोण बघतंय तिथं? नळी खुपसा, मूठभर दाणे काढा, कालच्या नमुन्याशी लावून बघा!"

अण्णांचा चहाचा ग्लास हातातच राहिला. "हाव की," एवढंच म्हणाले. दुपारपर्यंत मशीन प्रत्येक पॅचच्या मजकुराचा ठसा काढून मागच्या ठशाशी ताडू लागलं. एक अक्षर बदललं तरी पॅकेज नव्याने बांधायचं. पावती सुधारली, टँकर सुटला.

आठवड्याने टँकरवाला शाल घेऊन आला. "अण्णा, लई भारी! डोक्यात आलं कसं?"

"चहा पिताना सुचलं," अण्णा म्हणाले. मी शेजारीच बसलो होतो. शाल त्यांच्या खांद्यावर पडली आणि टँकरवाला मला म्हणाला, "भाऊ, तेवढा फोटो काढा की."

काढला.

त्याच कामाच्या जोरावर ते पुण्याच्या मोठ्या कंपनीत गेले. एसटी स्टँडवर बॅग मीच उचलली, डोळेही माझेच भरले. ऑफिसात आजही सगळे 'अण्णांची तपासणी' म्हणतात आणि माझं डोकं फिरतं.

अण्णा, तुमच्यासारखा माणूस मला पुन्हा मिळाला नाही, कबूल. पण त्या दिवशी माझं नाव घ्यायला तुमची जीभ का वळली नाही? याचा जवाब मला पाहिजे, आणि तो चारचौघांत पाहिजे.