मी पॅरिसला, आबा नांदेडला

पॅरिसच्या फॅशन वीकला जायचं नक्की झालं तेव्हा आबांचं डायलिसिस सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. मुंबईत ज्या मॅडमकडे मी पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागद, कापायचं काम करते, त्यांच्या कपड्यांना तिथं पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं. सोबत न्यायच्या मुलींत त्यांनी माझं नाव घातलं. लातूरच्या आयटीआयमध्ये शिवणकाम शिकून मुंबईला गेलेली मी. परदेश तर सोडाच, विमानातही कधी बसले नव्हते. व्हिसा हातात पडल्यावर आधी लातूरला घरी गेले.

दुष्काळानं नळ बंद होऊन तेव्हा काही महिने झाले होते. गल्लीत टँकर यायचा, तो आठ-दहा दिवसांनी, आणि कधी येणार हे आदल्या दिवशीही कळायचं नाही. बुद्धविहाराच्या कोपऱ्यावर टाक्या आणि घागरी रांगेत उभ्याच असत. टाकीजवळ घरचं माणूस दिसलं नाही की टाकी मागं सरकवली जायची. त्यामुळं माय घर सोडत नव्हती. बाजारात गेली तरी शेजारणीला बसवून जायची.

आबांना पाणी मोजूनच प्यायचं होतं. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या, प्यालेलं पाणी अंगात साठायचं, म्हणून डॉक्टरांनी दिवसाचा एक तांब्या ठरवून दिला होता. "गल्लीत सगळ्यात फायद्याचा माणूस मीच हाय," ते म्हणायचे. "माझ्यामुळं पानी वाचायलंय." माय हसायची नाही.

ते मूळचे शिरूर अनंतपाळकडचे. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा नव्या कलेक्टर ऑफिसात शिपाई म्हणून लागले. उस्मानाबादहून ट्रकमधून आलेले फायलींचे गठ्ठे उतरवून घेणाऱ्यांत ते होते. कपाटं अजून यायची होती, म्हणून गठ्ठे भिंतीला लावून जमिनीवर रचले, आणि उंदरांच्या भीतीनं आबा काही दिवस तिथंच झोपले. रिटायर झाल्यावरही ते लातूरला 'नवा जिल्हा'च म्हणत. गावात ज्यांच्या ओसरीवर त्यांना कधी चढता आलं नव्हतं, ती माणसं त्या ऑफिसात येऊन, साहेब आत आहेत का, असं त्यांना अदबीनं विचारत. याचं त्यांना फार अप्रूप होतं.

मी निघताना म्हटलं, नको जायला, थांबते. त्यांचे पाय सुजलेले होते आणि जिना चढताना दम लागत होता.

"तू थांबून काय करणार?" आबा म्हणाले. "मशीन तू चालवतीस का? जा, बघून ये."

मी गेले.

पॅरिसमध्ये कडक थंडी होती. एका जुन्या इमारतीच्या तळघरासारख्या हॉलमध्ये आमची पेटारी उघडली, तर अर्धे कपडे चुरगळलेले. दोन दिवस आम्ही वाफेची इस्त्री मारत होतो. खिडकी नव्हती, त्यामुळं बाहेर दिवस आहे की रात्र ते कळायचं नाही. शोच्या वेळी माझं काम एकाच मॉडेलला कपडे चढवायचं होतं. स्टँडवर तिचा फोटो लावलेला, खाली तिचे दोन पोशाख, बूट आणि कानातलं. पहिला पोशाख घालून ती चालून येणार, आणि मी तो उतरवून लगेच दुसरा चढवणार. मी मनातल्या मनात त्याचीच उजळणी करत होते.

शोच्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, लग्न होऊन नांदेडला असते. लातूरच्या दवाखान्यात पाणी संपलं होतं. डायलिसिसच्या मशीनला पाणी लागतं, आणि तेही भरपूर. दवाखान्याचा टँकर आला नव्हता आणि पेशंटना परवा या म्हणून सांगत होते. आबांची आधीची एक वेळ अशीच चुकली होती, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आता तोंड सुजलं होतं, आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून ते उशीला टेकून बसलेले होते. भाऊजी नांदेडहून गाडी घेऊन निघाले होते, आबांना तिकडच्या दवाखान्यात न्यायला. माय सोबत येणार नव्हती. एक-दोन दिवसांचाच प्रश्न आहे, तू टँकर सोडू नको, असं आबांनीच तिला सांगितलं होतं.

मी मॅडमना जाऊन सांगितलं. त्यांनी हातातलं काम टाकलं, तिकिटाचं बघणाऱ्या माणसाला फोन लावला, बराच वेळ बोलल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "उद्या संध्याकाळच्या आधी जागा नाही. तू पोचशील तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल गं."

त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता. खरं होतं ते त्यांनी सांगितलं. मुंबईत असते तर रात्रीच्या गाडीनं सकाळी लातूर गाठलं असतं. इथं मला स्टेशनचा रस्ताही माहीत नव्हता.

थोड्या वेळानं एक बाई टोपली घेऊन आली. शोचे फोटो बाहेर जाऊ नयेत म्हणून सगळ्यांनी फोन तिच्यात टाकायचे होते. मी टाकला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. केसांच्या फवाऱ्याचा वास. ओळीनं उभ्या राहिलेल्या उंच मुली. माझी मॉडेल पहिला पोशाख घालून गेली, आली. दुसरा चढवताना झग्याची खालची शिवण उसवलेली दिसली, तशी मी गुडघ्यावर बसून टाके घातले. बुटात पाय घालताना तोल सांभाळायला तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेवढ्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. ती वाकून काहीतरी विचारत होती, तिची भाषा मला येत नव्हती. तिला ओळीत जायचं होतं. मी दोरा दातानं तोडला आणि ती गेली.

पडद्यापलीकडं टाळ्या वाजल्या. मॅडम रडत होत्या, सगळ्या मुली एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मलाही मारल्या. मी ज्या कपड्यांसाठी वर्षभर कागद कापले, ते चालताना कसे दिसतात हे मी काही पाहिलं नाही.

फोन परत मिळाला तेव्हा आबा नांदेडला पोचले होते. पण तिथल्या सगळ्या मशीन भरलेल्या. लातूरचे बरेच पेशंट तिथंच आले होते. आबांना ऑक्सिजन लावून ठेवलं होतं आणि नंबर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागणार होता. ताई म्हणाली, तू फिकीर करू नको. ती असं म्हणते तेव्हा तिची स्वतःचीच पाचावर धारण बसलेली असते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला एका मोठ्या कंपनीच्या शोला नेलं. खोलीत एकटी बसलीस तर वेडी होशील, म्हणाल्या. संध्याकाळच्या विमानाचं तिकीट त्यांनी काढून ठेवलं होतं, तोवर तसंही मला काही करायचं नव्हतं. आम्हाला मागं उभं राहायची जागा मिळाली. असा शो बघायची इच्छा मी किती वर्षं मनात धरली होती. समोरून कपडे जात होते, सवयीनं मी बाह्या बघत होते, कापड अंगावरून कसं पडतं ते बघत होते. एक कोट आला, त्याच्या खांद्याला शिवणच दिसत नव्हती. एरवी मी रात्रभर त्याचा विचार केला असता. त्या वेळी मला एवढंच वाटत होतं की नांदेडला आता संध्याकाळ झाली असेल.

हातातला फोन थरथरला. ताईचा एकच शब्द होता: 'लावलं.'

मी भिंतीला टेकले. शो संपून लोक टाळ्या वाजवायला लागले, तेव्हा मीही वाजवल्या.

मुंबईहून थेट नांदेडला गेले. ताईच्या बैठकीत खाटेवर आबा बसले होते, सूज उतरल्यामुळं एकदम लहान दिसत होते. त्या कपडे घालून चालणाऱ्या पोरी जेवतात का गं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, जेवताना तर दिसल्या नाहीत. मग मी बर्फासारखी थंडी, कपडे, टोपलीतले फोन असं सगळं सांगत बसले. ते ऐकत होते, पण लक्ष दुसरीकडं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लातूरला पाण्याची सोय होईपर्यंत इथंच यायचं.

"जिल्हा आपला," ते मध्येच म्हणाले, "अन् मशीन ह्यांच्या जिल्ह्यात." मग म्हणाले, "तुझ्या मायला घेऊन ये."

मी लातूरला गेले. माय निघायला तयार नव्हती. टाकी भरू दे, मग येते, म्हणाली. मी तिला सांगून पाहिलं की आता तिकडंच राहायचंय, इथं पाणी भरून कोण वापरणार.

"ते आले अन् घरात पानी न्हाई, असं व्हावं का?" ती म्हणाली.

मग आम्ही दोघी टँकरची वाट बघत बसलो. आबांचा रोज फोन यायचा, आला का म्हणून. तीन-चार दिवसांनी टँकर आला. आम्ही घागरींनी पाणी वाहून घरातली टाकी काठोकाठ भरली, घरातली भांडीसुद्धा भरली. मायनं टाकीवर झाकण ठेवलं, त्यावर जुनं लुगडं घट्ट बांधलं, आणि दुपारच्या एसटीनं आम्ही नांदेडला निघालो.

पुढं लातूरला रेल्वेनं पाणी आलं, नंतर पाऊसही चांगला झाला. दवाखाना पुन्हा नीट सुरू झाला. पण तोवर आबांना एवढा प्रवास झेपेनासा झाला होता. दर खेपेला मशीनवरून उतरले की विचारायचे, आता जायचं का. ताई म्हणायची, जरा ताकद येऊ द्या.

दिवाळीनंतर एका सकाळी मायनं लातूरच्या शेजारणीला फोन केला. आबा शेजारच्या खाटेवर झोपलेले होते. टाकीतलं पाणी काढून घे आणि झाडांना घाल, असं तिनं हळू आवाजात सांगितलं, आणि फोन ठेवून भाजी निवडायला बसली.