बकल बाहेरच्या बाजूला

अर्धांगवायूनंतर माझा डावा पाय सायकलच्या पॅडलवरून घसरतो, म्हणून आम्ही पट्टा बसवून घ्यायला गेलो. दुकानदाराने माझ्या नवऱ्याला विचारलं, “साहेब, बाईंचा पाय किती आवळू?”

“चांगला घट्ट. पडायला नको.”

पाय माझा, आणि विचारतोय कोणाला! माझ्या मस्तकात तिडीक गेली. त्यात पट्ट्याचं बकल आतल्या बाजूला, जिथे माझा हातच पोचत नाही. माझ्या काळजीपोटी आजवर घरात मारलेली प्रत्येक गाठ अशाच जागी होती. मी तिथेच फरशीवर बसले, पट्टा उपसला आणि बकल बाहेर घेऊन सैलसर ओवला.

“अगं, सुटेल तो!” नवरा ओरडला.

“मला सोडवता यावा म्हणूनच असा बांधलाय,” म्हटलं, सायकलवर बसून पाय पट्ट्यात सरकवला आणि पॅडल मारलं.