गाल फुगवू नका

स्का हे संगीत मी पहिल्यांदा ऐकलं ते बोईसरच्या कारखान्यात माझ्यासोबत पाळी करणाऱ्या बिहारी मित्राच्या फोनवर. जमैका बेटावरच्या गरिबांचं संगीत. पुढे इंग्लंडात काळ्यागोऱ्या कामगारांची पोरं ते एकत्र वाजवू लागली. दोन ठोक्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत दणका बसतो आणि पाय आपोआप उचलले जातात.

आमचा लग्नाचा बँडही तसाच होता. ट्रम्पेटवर मी, केळव्याचा कोळी. ढोलावर एक वारली, ट्रॉम्बोनवर हा मित्र. आम्ही स्काची एक चाल बसवली आणि एका हळदीला वाजवली, तेव्हा एरवी एका टपरीवर चहाही न पिणारी माणसं एका रिंगणात नाचली. मला मूर्खाला वाटलं, आता काहीतरी बदलेल.

बदलला तो फक्त बँड. डीजे आला आणि मित्र कंटाळून गावी गेला. आता आम्हाला व्हिडिओपुरतं बोलावतात. लाल कोट घालायचा, ट्रम्पेट तोंडाला लावायचं, वाजवायचं नाही. लग्नघरचे सांगतात, "नुसतं धरा, आवाज डीजेचा हाय."

गेल्या महिन्यात बेटेगावच्या वरातीत भर दुपारी माझं डोकं फिरलं. होता नव्हता तो दम लावून मी तीच चाल अख्खी वाजवली. डीजेच्या गाडीमागे नाचणारं एकही माणूस वळलं नाही. व्हिडिओवाला तेवढा जवळ येऊन कानात ओरडला, "काका, गाल नका फुगवू, वाईट दिसतंय."

मी गाल आत घेतले.